वाऱ्याची राखण

गोरेगाव खेड्यात रागाची गोष्ट निघाली की अफसानाचं नाव येणारच. मोहियोद्दीन चाचाच्या धाकट्या भावाची ही पोरगी. पाळण्यात असताना एका पाहुण्यानं गालगुच्चा घेतला, तर हिनं त्याची दाढीच धरली. दोन बायांनी मिळून सोडवली म्हणे! पुढं शाळेत गुरुजी म्हणाले, समुद्राचा वास मिठाचा असतो. हिनं घरी मीठ हुंगलं आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात भांडली, "मिठाला कुठं वास असतो, गुरुजी?" त्याच भांडणाच्या मागं मागं ती पार किनाऱ्याला पोचली आणि समुद्रावरची हवा तपासायला लागली.

यंदा हिवाळ्यात गावी आली ती एक यंत्र घेऊन. ते हवा ओढायचं आणि हवेतले बारीक कण पांढऱ्या कागदावर धरायचं. ओट्यावर बसून तिनं चाचाला समजावलं, "दर्याच्या फेसाचे बुडबुडे फुटले की तुषार उडतात. त्यांच्यात मेलेल्या शेवाळाचा अंश असतो, सजीवांच्या अंगातला नायट्रोजन. पण थंडीत वारा इकडून दर्याकडं जातो. आपल्या शेणामुताचा, युरियाचा वास नेतो, तोबी त्या कणांना चिकटतो. दर्याचा किती आन् आपला किती, हे मला वेगळं काढायचंय."

कागद दोनच उरले होते आणि परवा निघायचं होतं. चाचाच्या तूर काढलेल्या मोकळ्या वावरात तिनं संध्याकाळी यंत्र लावलं.

सकाळी जाऊन बघते, तर यंत्राभोवती मेंढरंच मेंढरं! एक मेंढी त्याच्या दांडीला पाठ घासत होती. वासानं डोळ्यांत पाणी आलं. ज्ञानबा धनगर निवांत चहा उकळत होता.

"ज्ञानबाकाका, कोणी बसवली ही मेंढरं?"

"चाचानं. मी म्हनलो खतासाठी उद्या बसवतो. तर म्हनले न्हाई, आजच, पोरीच्या यंत्रापाशी."

तेवढ्यात चाचा हसत आला. "मिळाला का वास, बेटी? इथं काहीच नव्हतं. बिचारं यंत्र रिकामी हवा ओढून राहिलं होतं. मलाच तकलीफ झाली."

"चाचा! वाऱ्यावर आपसूक काय येतं ते पाहिजे होतं मला! तुमी अख्खा कळप त्याच्या नाकात कोंबला! आता वाटंल, या जिल्ह्यात माणसं न्हाईतच, नुसती मेंढरं मुतून राहिलीत!"

ज्ञानबाला हसू आवरेना.

"आन् तुमी काहून हसून राहिले? उठवा आधी!"

"मेंढरं उठवतो बाई. पर जिमिनीत मुरलं ते कसं उठवू?"

हे मात्र खरं होतं. अफसानानं दातओठ खात यंत्र उचललं, वारा येतो त्या उगवतीच्या माळावर नेलं, शेवटचा कागद लावला. "चाचा, तुमी घरातून हलायचं न्हाई!"

दुपारी ती स्कूटीवरून बघायला निघाली. गाडीवाट माळाच्या पलीकडं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला निघायची; तिथं पायथ्याशी चाचा काठी घेऊन उभा. सकाळपासून त्यानं बिडी ओढणाऱ्या शेजारच्या शिवहारला पिटाळलं होतं, एक ट्रॅक्टर माघारी धाडला होता, आणि ज्ञानबाला कळपासकट ओढ्यापलीकडं घालवलं होतं.

"थांब!" चाचा लालबुंद होऊन ओरडला. "ते धुराडं कुठं घेऊन येऊन राहिली? अक्कल हाय का न्हाई? बंद कर, पायी ये! आन् वाऱ्याच्या खालच्या अंगानं ये!"

अफसानानं भांडायला तोंड उघडलं. वर माळाकडं बघितलं. यंत्र एकटंच घुमत होतं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तिनं स्कूटी तिथंच लावली आणि धुसफुसत, पाय आपटत, माळाला लांबचा वळसा घालून खालच्या अंगानंच चढली.