खिंडीअलीकडचं जवाचं शेत

लग्नानंतरची तीस वर्षं मी मोटारसायकल फक्त मागच्या सीटवरून पाहिली. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसायचं, त्यामुळे वसईची डावी बाजू मला तोंडपाठ आहे आणि उजवी ऐकून माहीत आहे. आमचे हे गाडी चालवायचे, मी मागून सूचना करायचे, ते एकही सूचना ऐकायचे नाहीत. संसार अगदी सुरळीत चालला होता.

शाळेच्या कार्यालयातली माझी नोकरी संपली त्या वर्षी मी म्हटलं, “अहो, आता मी पुढे बसते.” ह्यांना वाटलं, चेष्टा करतेय. मी सरळ गोखिवऱ्याला आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गेले. हा गृहस्थ माझ्याहून वयाने मोठा, तोंडात कायम पान. त्याने मला दोन महिने शिकवलं. “वैनी, क्लच सोडायचा, पन मायेनं सोडायचा. जावयाला निरोप देतो तसा.” असलं ज्ञान पुस्तकात मिळत नाही. राजोडीच्या रस्त्यावर सुरूच्या झाडांमधून पहिल्यांदा एकटीने गाडी नेली तेव्हा मी मोठमोठ्याने हसत होते, आणि समोरून टोपल्या घेऊन येणाऱ्या दोघीजणी मला पाहून रस्ता सोडून खाली उतरल्या.

मग हाव सुटली. चिंचोटी झाली, कामण झालं, वज्रेश्वरी झाली, एकदा नाशिकही झालं. पुढच्या वर्षी लडाखच्या सहलीची जाहिरात पाहिली आणि मी नाव देऊन टाकलं. तिबेटी वळणाचा तो उंच मुलूख, अकरा दिवसांचा प्रवास, सात मोटारसायकली, सगळ्यांच्या पुढे तिथलाच एक वाटाड्या आणि सगळ्यांच्या मागे सामानाचा टेम्पो. दहाव्या दिवशी सहलीतली सगळ्यात उंच खिंड. मी आळीभर सांगून ठेवलं की ती खिंड मी स्वतः गाडी चालवत ओलांडणार. नणंद म्हणाली, “तिथं हवाच नाय म्हनतात. समुद्राची फुकट हवा सोडून कशाला जाते गो मराया?” ह्यांनी मात्र माझ्या बॅगेत सुकेळ्यांची चार पुडकी भरली. आमच्याच वाडीतली राजेळी केळी, उन्हात वाळवलेली. माझ्यावरचा विश्वास असा खाऊच्या रूपाने दाखवायची त्यांची जुनी पद्धत आहे.

हवा नाही, हे नणंदेचं म्हणणं खरं निघालं. तिथे बुटांची नाडी बांधली तरी दम लागतो. आमचा वाटाड्या पस्तिशीचा, कमी बोलणारा. रोज सकाळ-संध्याकाळ तो सगळ्यांच्या बोटाला चिमट्यासारखं एक यंत्र लावायचा. रक्तात प्राणवायू किती आहे ते त्यात आकड्याने दिसतं. त्याचा नियम सरळ होता: आकडा ऐंशीच्या खाली गेला की माणूस टेम्पोत आणि त्याची गाडी टेम्पोच्या पाठीवर. बाकीचे सहा जण चाळिशीच्या आतले होते, ते यंत्राकडे बघायचेही नाहीत. मी मात्र दर वेळी बोट पुढे करताना देवाचं नाव घ्यायचे. त्या टेम्पोची मला वाघासारखी भीती बसली होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी खिंडीच्या पायथ्याच्या गावात पोचलो. गावाच्या अलीकडे एक नाला गाडीवरूनच ओलांडावा लागला, त्यात मी कोपरापर्यंत भिजले. उतरल्या उतरल्या वाटाड्याने यंत्र लावलं. सत्त्याहत्तर.

“मेरे को कुछ नहीं होता है,” मी माझ्या वसईच्या हिंदीत भांडले. “डोका भी नहीं दुखता. भूक भी लगी है.”

“नंबर झूठ नहीं बोलता, आंटीजी,” तो शांतपणे म्हणाला. “सुबह फिर देखेंगे. अस्सी नहीं आया तो टेम्पो.”

सकाळी पाचलाच जाग आली. वाडीतल्या माणसाला पाचनंतर झोप नसते, आणि त्या दिवशी तर निकाल लागायचा होता. मी बाहेर पडले. पंधरा-वीस पांढरी घरं, चारी बाजूंना गवताची काडी नसलेले पिवळे डोंगर, आणि मधे जवाच्या शेतांचा हिरवागार पट्टा. वाटेच्या कडेने दगडांनी बांधलेला पाट खळखळत चालला होता. पाट पाहिला आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्या बापाच्या वाडीत पंप सुरू झाला की आम्ही सगळी भावंडं पाटाच्या कडेने धावायचो. कुठे पाट फुटला, पाणी वाया चाललं, की ते बंद करायचं. बाप म्हणायचा, “पानी वाया जाताना दिसलं तर पयलं अडवायचं, मंग विचारायचं कोनाचं ते.” आमच्याकडे शेजाऱ्याचा पाट फुटलेला दिसला तरी चप्पल काढून, पायाने माती ओढून तो बुजवतात आणि पुढे जातात. कुणी आभारही मानत नाही.

पुढे गेले तर काय, पाटाची एक बाजू फुटलेली! दोन-तीन दगड बाजूला सरकलेले आणि पाणी वाटेवरून वाहत पलीकडच्या दगडी कुंपणाखाली शिरत होतं. मला राहवेना. जित्याची खोड. दगड जागेवर लावले, फटीत गवताची ढेकळं कोंबली, जवळच एक ओलं पोतं पडलं होतं तेही वर दाबलं. दोन मिनिटांत पाट पूर्ववत. पाणी निमूटपणे खालच्या अंगाला निघून गेलं. मी हात झटकले आणि अभिमानाने चहाला परतले.

तासाभराने बाहेर आरडाओरडा ऐकू आला. सत्तरीची एक म्हातारी, गुडघ्यापर्यंत जाड लोकरीचा झगा, हातात फावडं, आणि तोंडाचा पट्टा सुरू. ते ओलं पोतं तिने आमच्या मुक्कामाच्या घराच्या अंगणात आपटलं. तिच्याबरोबर एक पोक्त माणूस होता. हा छुरपोन, म्हणजे गावातल्या पाण्याच्या पाळ्या राखायला गावाने नेमलेला माणूस. वाटाड्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, “पानी किसने बंद किया?”

पाट फुटलेला नव्हताच. म्हातारीने तो पहाटे स्वतः उघडून ठेवला होता. कुंपणापलीकडे तिचं जवाचं शेत होतं आणि आज तिची पाळी होती: उजाडल्यापासून ऊन मठाच्या भिंतीला टेकेपर्यंत. ते ऊन आता भिंतीला टेकलं होतं, आणि तिची पुढची पाळी आठ दिवसांनी. कणसं दाण्यावर आलेली, आठ दिवसांत जव वाळून गेला असता. ते पोतं होतं पाळी संपल्यावर पाट बंद करायला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही दुसऱ्याच्या शेतात. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण मला त्या क्षणी सातवीत नापास झाल्यासारखी लाज वाटली. मी हात जोडले, कान धरले. म्हातारीवर काही परिणाम नाही.

तेवढ्यात खालच्या शेताचा मालक हसत हसत आला. त्याला त्या सकाळी अवचित पाणी मिळालं होतं आणि आता सुरू होणारी पाळीही त्याचीच होती. तो म्हणाला, माझ्या पाळीतले दोन तास अबीला द्या. अबी म्हणजे आजी. सारं गाव म्हाताऱ्या बाईला तेच म्हणतं. छुरपोनने मान हलवली, निवाडा झाला. अडचण एकच राहिली. अबीची सून बकऱ्या घेऊन वरच्या कुरणात गेलेली. दोन तासांत एवढं शेत एकट्या म्हातारीकडून भिजणं शक्य नव्हतं.

“मैं जाती हूँ,” मी म्हटलं.

वाटाड्याने घड्याळ पाहिलं. आठला निघायचं ठरलं होतं. दुपारी बर्फ वितळतं, नाले चढतात, मग खिंडीच्या रस्त्यावर मोटारसायकल नेता येत नाही. “और आपका नंबर भी देखना है,” तो म्हणाला.

“तुम लोग जाओ. मेरी गाडी टेम्पो पे डालो. मैं पीछे से आती.”

हे मी बोलले खरी. वर्षभर ज्याची स्वप्नं पाहिली ते मी माझ्या तोंडाने टेम्पोत टाकलं. रडायचीही सोय नव्हती, कारण चूक शंभर टक्के माझी होती.

शेतात उतरले आणि पाचच मिनिटांत मी खिंड विसरले. अबीने मला आखूड दांड्याचं फावडं दिलं आणि हाताने दाखवलं: हा वाफा आधी, मग तो. मला दाखवायची गरज नव्हती. पाणी जगात कुठेही गेलं तरी उताराकडेच जातं. वाफा भरला की तोंड बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं, कोपऱ्यात पाणी जात नसेल तर माती ओढून त्याला तिकडे वळवायचं. पाणी बर्फाचं होतं, बोटं बधिर झाली, पण हात आपोआप चालत होते. माझी पाण्याशी बोलायची सवय आहे. “अगो, इकडं ये बाई, तिकडं कय हाय तुझं?” असं मी ओरडले की अबी खुदकन हसायची. मग तीही तिच्या भाषेत पाण्याला काहीतरी सुनवायची. रागावलेली म्हातारी हसायला लागली याचा मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मधे बांधावर बसून मी तिला सुकेळं दिलं. तिने ते उलटसुलट केलं, वास घेतला, दातांनी टोकरून पाहिलं, आणि पुढची तीन न विचारता घेतली.

शेवटचे दोन वाफे उरले होते तेव्हा कुंपणावरून वाटाड्या खाली उतरला.

“तुम गया नहीं?” मी विचारलं.

“टेम्पो पीछे चाहिए. टेम्पो के बिना ग्रुप नहीं जाता.” मग जरा थांबून म्हणाला, “एक घंटे से देख रहा हूँ. आप हाँफती नहीं हैं. डाँटती हैं.”

त्याने खिशातून यंत्र काढलं आणि माझ्या बोटाला लावलं. आधी काहीच दिसेना. मग दिसलं: शहात्तर. माझा चेहरा पडला असणार, कारण अबी फावडं टाकून जवळ आली. तिने यंत्राकडे पाहिलं, माझ्या निळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि वाटाड्याला असं काही झापलं की त्याने दोन पावलं मागे घेतली. मग तिने माझे दोन्ही हात ओढून आपल्या झग्याच्या आत, काखेत दाबून धरले. लोकरीला धुराचा आणि लोण्याचा वास येत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, शेताकडेच बघत होती. आईने असे हात कधी धरले होते ते आठवेना, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाचदहा मिनिटं आम्ही तिघं तशीच उभी होतो.

मग वाटाड्याने परत यंत्र लावलं. सत्त्याऐंशी.

“कल शाम को हाथ गीला था?” त्याने विचारलं.

“नाला उड़ के पार करने का था क्या? गीला ही होगा ना.”

त्याने कान खाजवला. गार, ओल्या बोटांवर यंत्र चुकतं हे त्याला माहीत होतं, आदल्या दिवशी घाईत लक्षात आलं नव्हतं. “सॉरी, आंटीजी,” तो म्हणाला आणि टेम्पोकडे बघून ओरडला, “गाड़ी उतारो!” टेम्पोबरोबरच्या मेकॅनिकने नुकतीच माझी गाडी वर चढवून दोरांनी आवळून बांधली होती. त्याने जे तोंडातल्या तोंडात म्हटलं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

निघायला दहा वाजून गेले. नाले चढले होते. पहिल्यात पाणी माझ्या गुडघ्याला लागलं, दुसऱ्यात गाडी एकदा डगमगली आणि सावरली. वाटाड्याने मला बरोबर आपल्या मागे ठेवलं होतं. शेवटच्या चढाला पहिल्या गिअरच्या वर जाताच येईना. इंजिनालाही हवा कमी पडते, ते धापा टाकत होतं आणि मी त्याला “चल रे बाबा, चल” म्हणत होते. वळण, खडी, बर्फाची भिंत, पुन्हा वळण. मग एकदम चढ संपला. रंगीबेरंगी पताका फडफडत होत्या आणि पलीकडे डोंगरच डोंगर, निळे, तांबडे, संपतच नव्हते.

बाकीचे मागून आले, गाड्यांवरून उतरून जमिनीवर पाय पसरून बसले, कुणी आडवे झाले. वाटाड्या माझ्याजवळ आला, हातात फोन धरून. “उतरिए, अमा-ले,” तो म्हणाला. अमा म्हणजे आई. तोवर मी आंटीजी होते. “फोटो लेते हैं.”

मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सीटवरच बसून होते. इंजिन बंद केलं होतं, पण हँडल सोडलं नव्हतं.

“थांब रे जरा,” मी त्याला मराठीतच म्हटलं. “मी चालवत आलेय. आणखी थोडा वेळ बसू दे.”

त्याला किती कळलं कोण जाणे. पण त्याने फोन खिशात ठेवला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.