पिवळ्या बुचाच्या बाटल्या

नमुना भरण्याआधी बाटली खाडीच्याच पाण्यानं तीनदा विसळायची, हा काकूंचा एकोणीस वर्षांचा नेम. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्यांना काकूच म्हणत. रोज सकाळी होडीतून जाऊन त्या सहा ठिकाणचं पाणी आणत. होडीवाला चिडवायचा, "काकू, आता साबणही आणा!"

या वर्षी शिशाच्या तपासणीसाठी पिवळ्या बुचाच्या बाटल्या आल्या. त्यांच्या तळाशी थोडं अ‍ॅसिड असे. ते सांडलं तर शिसं बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटून बसतं आणि मशीनला दिसतच नाही. "या विसळायच्या नाहीत हं," केमिस्ट बाईंनी बजावलं होतं. काकूंनी मानही डोलावली होती. पण हाताला कोण सांगणार?

अहवाल आला: पाणी निर्धोक. शिंपल्या काढायची परवानगी कायम.

दहाव्या दिवशी चिखलावर एक पाणपक्षी दिसला. मान वाकडी, पंख लोंबते. उठायचा, पुन्हा कोसळायचा. पलीकडे आणखी चार, न हलणारे. काकूंची नजर पेटीतल्या पिवळ्या बुचांवर गेली. मागच्या खेपेला आपण या विसळल्या होत्या. एकूण एक.

लेक खाडीकाठीच दिलेली. जावई शिंपल्या काढणारा. तिला पाचवा महिना.

होडीतूनच त्यांनी फोन लावला. "शिंपल्या खाल्ल्यास का गं?"

"रोज खाते. दुसरं काही पोटात ठरतच नाही."

"आजपासून तोंडाला लावू नकोस."

"अगं, तुमच्याच कागदावर पाणी चांगलं म्हटलंय ना? आपल्याच आईवर विश्वास ठेवायचा नाही का आता?" लेक हसली.

फोन ठेवून काकूंनी सहाही बाटल्या नव्यानं भरल्या, या खेपेला न विसळता.

त्या थेट केमिस्ट बाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, चूक माझी. मी विसळल्या होत्या. या तशाच भरल्यात. आत्ता मशीनला लावा."

आकडा आला, मर्यादेच्या तिप्पट. बाईंनी तो कागदावर उतरवला. "काकू, हे वर कळवावं लागेल. तुमच्या नावासकट."

"कळवा. पण आधी शिंपल्या बंद करा."

दुपारी खाडीवर लाल फलक लागले. दोन दिवसांनी काकूंना घरी बसायचं पत्र आलं. ते त्यांनी धड वाचलंही नाही. लेकीचं रक्त तपासायला गेलं होतं.

अहवालाच्या दिवशी दोघी दवाखान्याच्या बाकावर होत्या. लेक आज हसत नव्हती. एक हात पोटावर, दुसऱ्यानं आईचं मनगट घट्ट धरलेलं. दार उघडलं आणि नर्सनं तिला आत बोलावलं. काकू म्हणाल्या, "ओढणी नीट लपेटून घे, आत गार असतं."