त्राइलोचा जुना प्लेअर

सांदुल माझा नवरा. चाळीस वर्षं आमच्या गावात त्याने रेडिओ, टीव्ही आणि पुढे डीव्हीडी प्लेअर दुरुस्त केले. स्वतःच्या घराचं गळकं छप्पर मात्र कधी दुरुस्त केलं नाही. "कौलांना स्क्रू नसतात," म्हणायचा. असला माणूस पदरात पडला होता!

पण गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचा नाही. काय बदललं, काय नुसतं पुसलं, सगळं तोंडावर सांगायचा. बायकांना फैलावर घ्यायचा, "क्रोशाचे रुमाल स्वतःच्या डोक्यावर घाला, प्लेअरवर नको. गुदमरून मरतात बिचारे!" ऐकतंय कोण? आमच्याकडे ज्या वस्तूवर रुमाल नाही ती घरातली नाहीच.

मग दिवस फिरले. अर्धं गाव व्हिएन्नात कामाला. ऑगस्टमध्ये मुलं गाड्या भरून यायची, नवा प्लेअर खोक्यातून काढायची आणि जुना उकिरड्यावर. "सांदुलकाका, नवा इतका स्वस्त मिळतो, कशाला डोळे फोडून घेता?" असं वर त्यालाच विचारायची. तो संध्याकाळी उकिरड्यावर जाऊन ते प्लेअर उचलून आणायचा, सुट्या भागांसाठी. आमचं कोठार त्यांनी भरलं. मी रोज शंख करायची.

एका सप्टेंबरात त्राइलो गेला. तो सांदुलचा लहानपणापासूनचा दोस्त. शेवटची दोन वर्षं त्राइलो अंथरुणातून एकच सीडी बघायचा, मुलाच्या लग्नाची. त्यात तो स्वतः नाचतोय, दोन्ही पाय धड असताना. जायच्या आठवड्यातच प्लेअर बंद पडला आणि लग्न अर्धंच राहिलं. त्याची बायको इलिंका वर्षभर त्या प्लेअरला शिवली नाही.

मग वर्षाचं जेवण आलं. आम्ही व्लाह लोक त्या दिवशी मेलेल्याचं पान मांडतो आणि त्याला तिकडे जे लागेल ते एखाद्या जिवंत माणसाच्या हातात देतो. कपडे, खुर्ची, आरसा, काहीही. इकडे तो वापरतो, तिकडे ह्याला पोचतं. त्राइलोच्या वयाचा म्हणून घेणारा सांदुलच ठरला.

त्राइलोच्या मुलाने, स्लाविशाने, व्हिएन्नाहून नवा कोरा प्लेअर पाठवला. इलिंका मात्र जुना काखेत मारून दुकानात आली.

"मला नवा नको," ती म्हणाली. "त्याला तीन बटणं यायची, तीही मी शिकवलेली. नव्यापुढे नुसता बसून राहील. कोण सांगणार त्याला तिकडे? हाच चालू करून दे, सांदुल. बंद दिला तर बंदच पोचेल."

तीन आठवडे तो त्या प्लेअरला चिकटून होता. लेन्स गेलेली. कोठारातल्या अकरा प्लेअरच्या लेन्स काढून पाहिल्या, एकही बसेना. जेवण उतरत नव्हतं, पॅंट ढिली झाली. मला वाटलं, घोर लावून घेतलाय.

"अरे, नव्याचं पोट काढून जुन्याच्या खोक्यात घाल," मी म्हटलं. "म्हातारीला काय कळतंय?"

"विचारेल ती."

"मग हो म्हण!"

"आणि तिकडे त्राइलोने उघडून बघितला तर?"

मी हसले. देवा, मी खरंच हसले.

जेवणाच्या दिवशी अंगणात टेबलं लागली. उकडलेले गहू, मासे, वाइन, सगळं झालं. इलिंकाने प्लेअरवर मेणबत्ती लावली, दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाली, "हे त्राइलोपुढे असो." मग हळूच विचारलं, "चालू झाला ना रे?"

मी टेबलाखालून सांदुलचा पाय दाबला. जोरात दाबला.

"नाही झाला गं," तो म्हणाला. "लेन्स गेली. तसली आता कुठेच मिळत नाही."

तिने प्लेअर परत टेबलावर ठेवला. "वर्ष झालं, तिकडे भिंतीकडे बघत बसला असेल. आता कायमचाच बसेल."

"अगं आई, नवा आणलाय ना मी!" स्लाविशा म्हणाला.

"गप बस! बापाला तू कधी शिकवलंस काही?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सांदुल उठला. रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले.

"दे, मी घेतो," तो म्हणाला. "थंडी पडायच्या आत मीच जातोय तिकडे. बसून दुरुस्त करून देईन त्याला. बटणंही दाखवीन."

पलीकडे कुणीतरी हसलं. म्हाताऱ्यांची थट्टा असते अशी. इलिंका हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग डोळे पुसले आणि प्लेअर त्याच्या हातात ठेवला. मला त्याची ढिली पॅंट आठवली.

घरी जाताना रस्त्यात मी त्याला अडवलं.

"खरं बोललास?"

"हो. पोटात आहे. पसरलंय."

"कधी कळलं?"

"ईस्टरच्या आधी. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं."

ईस्टरच्या आधी! म्हणजे सहा महिने हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता, माझ्या हातचं सूप ढकलत होता, आणि मी त्याला कोठार रिकामं कर म्हणून शिव्या घालत होते. आणि कळलं कुठे, तर दुसऱ्याच्या वर्षाच्या जेवणात, शंभर माणसांत.

"जन्मभर गिऱ्हाइकांशी खरं बोललास, मेल्या," मी ओरडले आणि जीभ चावली. "मीही काही मोडकं घेऊन तुझ्या दुकानात यायला हवं होतं का? म्हणजे मलाही सांगितलं असतंस?"

त्याने प्लेअर या काखेतून त्या काखेत घेतला. एवढंसं वजन, पण त्याला ते पेलत नव्हतं. मी तो काढून घेतला आणि घरापर्यंत मीच नेला.