घरची मूठ

पुंजाबाबा सुरगाण्याच्या डोंगरातून नाशिकला आले ते नव्वद सालाच्या आसपास, गंगापूर रोडच्या एका नर्सरीत राखणीला. आपण कुठले, हे ते वस्तीत कुणाला सांगत नसत. बोलण्यात गावाकडचा शब्द आला की जीभ चावत. बायको भागीबाई होती तोवर घरात तरी ती बोली होती. ती वारली आणि तिच्यामागे बोलीही गेली.

मग एका दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या उसात बिबट्या आला. आधी कुत्री गेली, मग शेजारच्या वत्सलाबाईंची शेळी. पिंजरा लावला, तो रिकामाच राहिला. वाघबारशीला, म्हणजे वसुबारसेच्या दिवशी, वत्सलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "बाबा, कितीही लपवा, तुम्ही डोंगरातले. तुमच्यात वाघाला देव मानतात ना? मग सांगा की त्याला, पोट भरलं असेल तर जा म्हणून."

त्या हसल्या, पण नजर उसाकडे होती.

बाबांच्या गावची रीत अशी, की त्या दिवशी घरोघरचे मूठभर तांदूळ गोळा करायचे, शिजवून शिवेवरच्या वाघदेवापुढे वाढायचे आणि एकेका घराचं नाव घ्यायचं. मग वाघ त्या घरांना टाळतो. मात्र नाव घेतलं आणि मूठ नसली, तर तो वाटा न्यायला स्वतः येतो. आणि एकदा वाढून झालं की पुन्हा शिवेवर जायचं नाही.

सुनेनं, सवितानं, हे रानातलं इथं नको म्हणून तोंड वाकडं केलं. बाबा मात्र तांदूळ गोळा करायला दारोदार निघाले, बऱ्याच वर्षांनी ताठ चालत. लोकांनी मुठी घातल्या. झुंबर रिक्षावाल्यानं तर रिक्षाची म्हणून एक जास्तीची घातली. दिवेलागणीला वस्तीच्या शिवेवर, नाल्याकाठच्या दगडाला वाघदेव म्हणून शेंदूर लावून बाबांनी भात वाढला, नावं घेतली. सवयीनं शेवटी स्वतःचंही घेतलं.

आणि हात तिथंच थांबला. गावाकडे घरची मूठ नेहमी भागीबाई घालायची. सगळ्यांची दारं फिरताना आपलंही घर आहे, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

उसात काहीतरी सळसळलं. बाबा धापा टाकत घरी आले. नात रोशनी अंगणात रांगोळी काढत होती. तिला त्यांनी उचलून आत नेलं.

"दार लाव," ते सविताला म्हणाले. "मी हाक मारली तरी उघडू नको."

"आणि तुम्ही कुठं चाललात?"

"कुठं नाय. हितंच हाय."

भागीबाईच्या मागे या घरात आलेल्या सवितानं इतक्या वर्षांत त्यांची ही बोली ऐकली नव्हती. तिनं कडी लावली. बाबा उंबऱ्याबाहेर बसले. नाव घेऊन झालं होतं. आता वाटा दारात असायला हवा होता. पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकता भुंकता एकदम गप्प झाली.