हौसामावशींचे दोन पाट

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी मी जांभळाची फळी मशीनच्या तोंडाशी धरली होती आणि दारात हौसामावशी उभ्या... मी घाईघाईने मशीन बंद केलं आणि भिंतीला टेकवलेली दुसरी फळी पोत्याखाली ढकलली. वय वर्षं सत्तेचाळीस, पण गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी मी त्या पोत्याच्या आड उभी राहिले.

आधीचं सांगते. मी पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता राहते तळेगावात, आणि परंदवडीला एका शेडमध्ये पाट, चौरंग, स्टूल असं काहीबाही बनवते.

हौसामावशी आंदर मावळातल्या. बांधावरचं जांभळाचं झाड वादळात पडलं, तेव्हा त्यांच्या मालकांनी वखारीतून त्याच्या दोन फळ्या काढून आणल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर वाळत ठेवल्या. आता मालक नाहीत. नातीचं लग्न ठरलं म्हणून मावशी त्या फळ्या टेम्पोत घालून माझ्याकडे आल्या... नवरा-नवरीला बसायला दोन पाट हवेत, बाकी काही नको म्हणाल्या.

फळ्या काय देखण्या होत्या म्हणून सांगू... लाकडात सरळ रेष औषधालाही नाही, सगळ्या पाण्यावरच्या लहरींसारख्या. मी तर हरखूनच गेले. पण असं लाकूड दिसायला जेवढं सुंदर, तेवढंच तासायला द्वाड. रेषा इथे एकीकडे झुकलेली, तर वीतभर पुढे बरोबर उलटी.

माझ्या रंधा मशीनच्या गरगर फिरणाऱ्या ड्रमवर तीन लांब सरळ पाती होती. सागवानाला, आंब्याला ती आजवर पुरली होती. पहिली फळी आत सरकवली आणि बाहेर आली ती जागोजागी कपचे उडालेली... बोट टेकेल एवढे खड्डे.

इथे थांबायला हवं होतं. पण मी थांबणाऱ्यातली नाही. पात्यांना धार लावून आणली, फळी उलट्या तोंडाने घातली, ओल्या फडक्याने पुसून घातली... दर वेळी जुने खड्डे जायचे आणि नवे पडायचे. भानावर आले तेव्हा ती फळी दुसरीपेक्षा चांगली अर्धा इंच बारीक झाली होती.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माळ्यावर तिसरी फळी नव्हती, आणि या दोन जपून ठेवणारा माणूसही आता नव्हता.

मावशींचा फोन आला की मी सांगायचे, लाइट नाहीये. आमच्याकडे लाइट जातेच, त्यामुळे खोटं खपून जायचं. ते खपतंय याचंच जास्त वाईट वाटायचं.

शेवटी ती लांब पाती असलेला ड्रमच काढला आणि नवा मागवला. त्यावर अंगठ्याच्या नखाएवढी चौकोनी ब्लेडं नागमोडी रांगांत बसवलेली असतात. लांब पातं सगळी फळी एकदम ओरबाडतं... ही एकामागून एक थोडं थोडं कापतात, म्हणून रेषा उलटी आली तरी लाकूड सहसा उपटत नाही.

ड्रमची बेअरिंग एका लेथवाल्याने बसवून दिली. ब्लेडं मी स्वतः बसवली, एकेक पुसून, एकेक स्क्रू आवळून. खाली भुशाचा कण जरी राहिला तरी ते ब्लेड वर येतं आणि फळीभर रेघ ओढतं.

मग दुसरी फळी घातली. बाहेर आली ती इतकी गुळगुळीत, की मी तिथेच खाली बसून रडले. पहिलीही एकदा हलकेच मशीनमधून काढली, तीही साफ झाली.

पण शेजारी शेजारी ठेवल्या आणि कळलं. एक जाड, एक बारीक. जोडीचे पाट खालीवर कसे चालतील? म्हणून त्या गुरुवारी मी चांगली फळीही अर्धा इंच तासायला घेतली होती... आणि मावशी आल्या.

सगळं सांगून टाकलं. लाइटचं खोटंसुद्धा. मावशींनी पोत्याखालची फळी ओढून काढली, तिच्यावरून तळवा फिरवला.

"मग ही चांगली कशापायी कापतीस?"

मी म्हटलं, मांडवात एक उंच, एक ठेंगणा... लोक काय म्हणतील?

"माझ्या लग्नात एकच पाट गावला हुता," मावशी म्हणाल्या. "त्यावर मालक बसलं, मी पोत्यावर. त्येंच्या ते लय मनाला लागल्यालं. नातीच्या लग्नाला दोन पाट करायचं म्हून ह्या फळ्यांना कुनाला हात लावू दिला न्हाई."

त्यांनी जाड फळी माझ्याकडे सरकवली.

"ह्यो पोरीचा. बारका जावयाला. बसू दे जरा खाली."

निघताना दारात वळून म्हणाल्या, "आन् फुडच्या टायमाला लाइटीचं नाव सांगू नगंस."

मी पाट तसेच केले. लग्नाला बोलावलं होतं, गेले. नात बसली होती नवऱ्यापेक्षा अर्धा इंच वर... एवढंसंच, पण मला ते मांडवाच्या टोकावरूनही दिसत होतं.

पंगतीत एका पाहुण्याने विचारलंच, "पाट खालीवर का हो?" मी मान खाली घालून भात कालवत राहिले. मावशी वाढता वाढता म्हणाल्या, "मुद्दाम करून घेतल्यात."

नवा ड्रम उत्तम चाललाय. पण मावशी, माझी चूक तुम्ही ज्या सहजतेने पदरात घेतलीत, त्याचं देणं माझ्याच्याने कधी फिटायचं नाही.