बाईंची काडी आणि माझी पक्कड

सोनाळ्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून निघायचे, डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या कचेरीत मुक्काम करायचे आणि मग आमच्यापर्यंत पोचायचे. औषधं त्याहून उशिरा यायची. आमच्या डॉक्टरांना दाताच्या रोग्याचा कंटाळा होता. तो ओरडतो, हाताला चावतो, रक्त थुंकतो आणि बरा झाल्यावर ओळखही देत नाही, असं ते म्हणायचे. पहिल्याच महिन्यात त्यांनी दात काढायची पक्कड माझ्या हातात दिली.

हे काम मला जमलं. दुसरं काहीही इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं. दवाखान्याच्या ओसरीत एक बाक होता. त्यावर रोग्याला बसवायचं, हिरडीला लवंगेचं तेल लावायचं, त्याच्याशी पऱ्हाटीबद्दल, म्हणजे शेतातल्या कपाशीबद्दल, दोन शब्द बोलायचे आणि तो उत्तर द्यायला लागला की दात बाहेर. बाजाराच्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याची माणसं गालाला फडकं बांधून रांगेत बसत. तीन-चार वर्षांत माझ्या हाताचं नाव झालं. पाटलांच्या आईची दाढ काढली तेव्हापासून पाटील मला बैठकीत स्वतःच्या शेजारी बसवून घेत. वडनेरला माझ्या गावी गेलो की वडील चारचौघांत हा विषय काढत. मी नको नको म्हणत ऐकत बसे.

मग मुलींच्या शाळेवर नवीन बाई आल्या. दुसरबीडकडच्या, विधवा, वय तिशीच्या आतलं. बोलताना तोंडावर पदर धरायच्या. सुरुवातीला मला वाटलं, लाजतात. त्यांची बोली आमच्याहून वेगळी होती. 'का' विचारताना आमच्या 'काऊन'च्या जागी त्या 'कामून' म्हणत, त्याची आम्ही दवाखान्यात नक्कल करत असू. सगळ्यात जास्त मीच करायचो.

आल्यापासून महिनाभरात बाईंनी शाळेत कडुनिंबाच्या काड्या आणवल्या. प्रार्थनेआधी मुलींनी ओळीत बसून काडी चावायची, दात घासायचे, चुळा भरायच्या. शाळेत पाण्याचा रांजण नव्हता, तो त्यांनी कुंभाराकडून मागून आणला. दुपारची भाकर खाल्ल्यावर पुन्हा चूळ. शनिवारी एकेकीला उजेडात उभं करून तोंड बघायचं. आमच्याकडे पोरीचा दात दुखला की आई स्वतःच्या डबीतली मिसरी तिच्या हिरडीला चोळायची. तंबाखू भाजून केलेली ती पूड. दुखणं तेवढ्यापुरतं थांबायचं आणि पोर आठव्या-नवव्या वर्षी मिसरीला लागायची. बाई विहिरीवर जाऊन बायकांशी याच विषयावर बोलत. दुकानदाराला त्यांनी विनवलं की शाळेच्या पोरींना मिसरी विकू नका. तो हसला. तेव्हा त्यांनी सरळ कौन्सिलला अर्ज लिहिला की असा नियमच करा, आणि नुसता सोनाळ्यापुरता नको, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना लागू करा.

मला हे सारं पोरखेळ वाटायचं. नंतर लक्षात आलं की ओसरीतल्या बाकावर लहान पोरी दिसेनाशा झाल्या आहेत. म्हातारे येत होते, पहाडावरचे येत होते, पण सोनाळ्याच्या पोरी नाहीत. कुणाच्या घरची आली नाही हे मी मनात धरून ठेवू लागलो. शाळेवरून जायचं काही कारण नसताना मी तिकडून जायचो आणि तिथल्या ओसरीतल्या चुळांचा आवाज ऐकून तोंड कडू व्हायचं.

एकदा डॉक्टर माझ्यादेखत पाटलांना म्हणाले की या बाईनं सहा महिन्यांत जे केलं ते आपल्या दवाखान्यानं सहा वर्षांत केलं नाही. मी औषधाची पुडी बांधत होतो. ती पुडी मी दोनदा सोडून बांधली. पुढच्या बैठकीत पाटलांनी बाईंना बोलावलं आणि माझी जागा त्यांना दिली. त्या पाटलांच्या आईशेजारी बसल्या, पदर तोंडावर धरून, आणि सगळे त्यांचं ऐकत होते.

घरीही सुटका नव्हती. एका सकाळी बायको चुलीपुढे बसून काडीनं दात घासताना दिसली. मिसरीचं काय झालं, असं मी विचारलं.

"सोडली," ती म्हणाली. "बाई म्हंते, तिनं हिरडी जळते. माह्या हिरड्या काया पडल्या, तुमाले इतक्या वर्सात दिसलं नाही का?"

तिच्या काळ्या पडलेल्या हिरड्या मला खरंच दिसल्या नव्हत्या. गावच्या लोकांची तोंडं मी रोज उघडून बघत होतो आणि घरच्या माणसाचं एकदाही बघितलं नव्हतं. याची लाज वाटायला हवी होती. मला बाईंचा राग आला.

पावसाळा संपता संपता एक माळीण आपल्या पोरीला घेऊन आली. पोर बाईंच्याच शाळेतली. उजवा गाल सुजून डोळा अर्धा झाकला होता. मी तोंड उघडून पाहिलं. आतली दाढ पोखरून काळी झालेली, खाली पू धरलेला. ती कीड वर्षभराची तरी असावी, बाईंच्या येण्याआधीची. मला हे पहिल्या नजरेत कळलं.

"बाई रोज काडी चावाले लावते जी," माळीण म्हणाली. "त्यानं तं नसंन झालं?"

मी हात धूत होतो. तिच्याकडे न बघता म्हणालो, "असंन."

असेल, एवढंच. पोरीला कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा सांगितल्या, सूज उतरल्यावर दाढ काढून दिली, पोर बरी झाली. पण तो एक शब्द माळिणीनं गावभर नेला. कंपाउंडरसाहेब सांगतात, काडीनं गालफड सुजतं. दात काढणाऱ्या माणसाचा शब्द, कोण खोटा मानणार? आठवड्यात निम्म्या आयांनी पोरी घरी ठेवल्या. विहिरीवर बाई दिसल्या की बायका घागरी उचलून निघू लागल्या. आणि नेमकी त्याच वेळी खबर आली की बाईंचा अर्ज पाहायला कौन्सिलचे एक मेंबर आणि जिल्ह्याचे मोठे डॉक्टर येणार आहेत.

मला बरं वाटलं. हे लिहिताना जड जातं, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी बाई दवाखान्यात आल्या. दुपारची वेळ होती, ओसरीत कुणी नव्हतं. भांडायला आल्या असं समजून मी उत्तरं तयार केली. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या की एक दाढ फार दिवसांपासून ठणकते आहे, काढून द्या. मग त्यांनी पदर खाली घेतला.

वरच्या हिरडीत पुढे एकही दात नव्हता. खाली तीन-चार राहिले होते, तेही हलणारे, आणि हिरड्यांचा रंग जळक्या लाकडासारखा. तिशीच्या आतल्या बाईचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं. आईनं सातव्या वर्षी मिसरी हातावर ठेवली होती, त्यांनी सांगितलं, दुखू नये म्हणून.

मी तेल लावलं. पऱ्हाटीबद्दल काही बोलता येईना. दाढ निघाली. चूळ भरून, कापूस दाताखाली धरून त्यांनी विचारलं, "त्या पोरीच्या आईला तुम्ही काय सांगितलं?"

मी म्हणालो की तिनंच विचारलं होतं, मी फक्त 'असंन' म्हणालो.

"दाढ आधीची किडलेली होती ना?"

"होती."

त्यांनी मान हलवली. पदर पुन्हा तोंडावर घेतला आणि उठताना म्हणाल्या, "तुमचा हात हलका हाये, सगळे सांगतेत ते खरंय. पण माझी एकही पोर या बाकावर येऊ नये, एवढंच मला पाहिजे."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मोठे साहेब आले त्या दिवशी शाळेच्या ओसरीत सतरंजी टाकली होती. पाटील होते, आमचे डॉक्टर होते, दारापाशी बायका उभ्या होत्या. मेंबरांनी कुणाची काही तक्रार आहे का, असं विचारल्यावर माळीण पुढे झाली आणि तिनं पोरीच्या गालाची गोष्ट सांगितली, माझा शब्द धरून. आमच्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई खाली बघत होत्या. त्या काहीच बोलणार नाहीत हे मला समजलं.

मी उठलो. म्हणालो, "दाढ आधीपासून किडलेली होती. काडीचा काही दोष नाही. मी चुकीचं बोललो."

माळीण माझ्याकडे बघत राहिली. काऊन बोलले मंग, असं ती हळूच म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी विषय पुढे नेला. काडी आणि चुळा सुरू झाल्यापासून दवाखान्यात येणाऱ्या पोरी कमी झाल्या का, असं त्यांनी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांना सांगता येईना. मला येत होतं. हेव्यानं मी एकेक घर मनात टिपून ठेवलं होतं. कोणती पोर आधी दर महिन्याला यायची आणि आता येत नाही, कोणत्या बहिणींपैकी शाळेतली आली नाही आणि घरी राहणारी आली, हे सगळं मी घडाघडा सांगत गेलो. साहेब लिहून घेत होते. मी ते कशासाठी लक्षात ठेवलं होतं हे त्यांनी विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कौन्सिलचा छापील हुकूम आला. शाळाशाळांत रांजण, शनिवारची दात-तपासणी, शाळेच्या मुलांना मिसरी-तंबाखू विकायला मनाई. सोनाळ्याच्या बाईंना बुलढाण्याला बोलावलं होतं, इतर शाळांच्या मास्तरांना शिकवायला. त्यांच्या कामाची हुकमात दोन ओळी तारीफ होती. माझा उल्लेख नव्हता. तो नसणार हे ठाऊक असूनही मी तो कागद दोनदा वाचला.

बाई गेल्या त्या दिवशी मोटारीपर्यंत निम्मं गाव पोचवायला गेलं. माळीणही गेली. बायको गेली आणि डोळे पुसत आली. मी बाटल्या पुसायचं काम काढून दवाखान्यातच थांबलो.

त्याच हुकमात शेवटी एक कलम होतं. आसपासच्या शाळांतल्या मुलांची तोंडं महिन्यातून एकदा कंपाउंडरनं जाऊन तपासावीत, दुखायला लागण्याआधी. पहिल्या फेरीला मी पायथ्याच्या एका खेड्यात गेलो. बाई तिथे आधीच येऊन शिकवून गेल्या होत्या. मास्तरांनी पोरं ओळीत उभी केली. पहिली पोर आठ-नऊ वर्षांची होती. तिनं न घाबरता तोंड उघडलं. दात पांढरे, हिरड्या गुलाबी, कुठे डाग नाही. मी बराच वेळ बघत राहिलो, तेव्हा तिनं विचारलं की काही निघालं का. काही नाही, मी म्हणालो, छान आहेत. ते तोंड पाहून मला आनंद झाला, पण त्याच्या आधी हेवा वाटला, आणि तो बाईंचाच होता. मग मी तिला बाजूला करून पुढच्या पोराला बोलावलं.