ग्रिझेलच्या ढालीची किनार

ग्रिझेल माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि हे मला जन्मभर कुणी विसरू दिलं नाही. कूपर गावात कुणीही भेटलं की आधी तिची चौकशी. केस तिचे छान, आवाज तिचा गोड, पॉरिजसुद्धा म्हणे तिच्याच हातचं. ॲलन मेल्व्हिल आधी माझ्याशी नाचला होता, लग्न मात्र तिच्याशी केलं. जळफळाट व्हायचा माझा, लपवू कशाला?

बाबा गेले. भाऊ नव्हता. आमच्याकडे अशा वेळी घराण्याची ढाल, म्हणजे कुळाचं चिन्ह, थोरल्या मुलीकडे जाते, पण तिनं वडिलांचं आडनाव लावलं पाहिजे; नाहीतर धाकटी वारस. वारस नसलेल्या धाकटीनं घेतली तर भोवती किनार घालायची, म्हणजे बघणाऱ्याला कळतं, ही दुय्यम. ग्रिझेल तोवर विधवा झाली होती. बाबांचं गौर्ले नाव परत लावायला एक अर्ज पुरे, आणि ती एडिंबराला ढालींच्या कचेरीत चार खेपा घालून आली. मी काय ते समजले.

मग आली माझ्याकडेच. भरतकामावर पोट आहे माझं.

"चर्चमधल्या आपल्या बाकासाठी बाबांची ढाल भरून दे," म्हणाली. "वारसाची. तुझ्याइतकं सुबक कुणाला जमतं?"

बाईची ढाल, म्हणून शंकरपाळ्याच्या आकाराची. निळ्या कापडावर तीन रुपेरी मासे. महिनाभर दातओठ खात भरले. शेवटच्या दिवशी मात्र राहवलं नाही. सोनेरी धागा घेतला आणि चारी बाजूंनी बोटभर किनार घातली. घे, बस आता दुय्यम होऊन.

ती आली, बघत राहिली. "किनार कशाला गं?"

"तुला शोभते."

"मला?" ती खुर्चीत टेकली. "अगं, मी मेल्व्हिलच राहिले. ॲलनचं नाव टाकवेना. तसं लिहून दिलं कचेरीत. वारस तू आहेस."

तिनं पर्समधून कचेरीचा कागद काढला. वर माझं नाव, खाली बिनकिनारीची ढाल.

"ढाल पुरी झाली की हातात देणार होते. वेडाबाई, आण ती कात्री."

दोघी उसवत बसलो. ती एका शब्दानं रागावली नाही, याचाही मला राग आला. धागा निघाला, सुईची भोकं राहिली.

रविवारी ढाल बाकावर लागली. माझ्या ढालीकडे बघत सगळं गाव म्हणालं, "ग्रिझेलचं मन किती मोठं!"